जिवावर उदार, पण कोणाच्या?

अमुक एक माणूस जिवावर उदार झाला, असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या आवाजात कौतुक असते. अमुक एकजण दुसऱ्याच्या जिवावर उड्या मारतो, असे म्हणताना मात्र आपण नाक मुरडतो. 'जिवावर' हा शब्द दोन्हीकडे तोच. प्रश्न एवढाच, की जीव कोणाचा? विमानांच्या कसरती आणि त्यांतून झालेले अपघात यांचा विचार करताना हाच प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

उड्डाण म्हटले की धोका आलाच. जर्मनीचा ओटो लिलिएंथाल स्वतः बनविलेल्या पंखांनी टेकडीवरून तरंगत असे. १८९६ साली तो पडून मेला. त्याने पणास लावला तो स्वतःचा जीव, आणि त्याच्या प्रयोगांतून जगाला विद्या मिळाली. पुढे राइट बंधूंनी विमान उडविले, पण दोघांनी एकाच वेळी विमानात बसायचे नाही असा नेम पाळला. २५ मे १९१० रोजी, वडिलांची परवानगी घेऊन, ते एकदाच एकत्र उडाले. हे भित्रेपणाचे लक्षण कोण म्हणेल? धाडस करणाऱ्याने मागे राहणाऱ्यांचा हिशेब आधी मांडावा, एवढेच त्यात होते.

भारतातून आलेल्या आपल्या पिढीला २३ जून १९८० हा दिवस आठवत असेल. त्या दिवशी दिल्लीत कसरती करताना एक छोटे विमान कोसळले आणि संजय गांधी गेले. सारे जग त्यांच्याविषयी बोलले. त्याच विमानात कॅप्टन सुभाष सक्सेना हेही होते व तेही गेले. त्यांचे नाव आज कितीजणांना सांगता येईल? कसरतीच्या गोष्टीत शेजारच्या आसनावरचा माणूस असा विसरला जातो.

या शेजारच्या माणसाची सर्वांत बोलकी हकीगत अमेरिकेतील आहे. वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन शहराजवळ फेअरचाइल्ड नावाचा हवाई दलाचा तळ आहे. तेथे लेफ्टनंट कर्नल आर्थर हॉलंड हे बी-५२ या अवजड बाँबफेकी विमानाचे नाणावलेले वैमानिक होते. पाच हजारांहून अधिक तासांच्या उड्डाणाचा अनुभव आणि हात विलक्षण सफाईचा. पण १९९१ पासून प्रदर्शनांत आणि समारंभांत ते नियम धाब्यावर बसवून उडत. लोक टाळ्या वाजवीत. वरिष्ठ पाहत, फार तर दोन शब्द सुनावीत, आणि पुढच्या प्रदर्शनाला पुन्हा त्यांनाच पाठवीत. मार्च १९९४ मध्ये त्यांनी एका डोंगरकड्यावरून विमान सुमारे तीस फुटांवरून नेले. मर्यादा पाचशे फुटांची होती. बरोबरच्या माणसांची पाचावर धारण बसली. काहींनी यापुढे त्यांच्याबरोबर उडण्यास नकार दिला.

त्या तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल मार्क मॅकगिहान यांनी हॉलंड यांचे उड्डाण बंद करावे अशी मागणी वरिष्ठांकडे केली. ती मानली गेली नाही. तोंडी समज देऊन प्रकरण मिटविण्यात आले. तेव्हा मॅकगिहान यांनी ठरविले, की हॉलंड उडणार असतील तर सहवैमानिकाच्या जागी आपण स्वतः बसावयाचे. आपल्या हाताखालच्या कोणाही मुलाला तेथे बसू द्यावयाचे नाही.

२४ जून १९९४ रोजी प्रदर्शनाचा सराव होता. वळताना ४५ अंशांपलीकडे विमान कलंडवू नये, अशी आज्ञा होती. धावपट्टीवर दुसरे विमान असल्याने हॉलंड यांनी मनोऱ्याभोवती अवघ्या अडीचशे फुटांवरून घिरटी घेतली. विमान सरळ उडते तेव्हा पंख त्याला तोलून धरतात. कलंडून वळताना पंखांचा काही जोर वळण्यात खर्च होतो; उंची राखून ६० अंशांत वळायचे, तर पंखांवर विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार येतो. ९० अंशांत पंख उभेच राहतात आणि वर धरणारे काही उरत नाही. बी-५२च्या पंखांचा विस्तार १८५ फूट. ते विमान ९० अंशांपलीकडे कलंडले आणि जमिनीवर आदळले. आतील चौघेही ठार झाले. चौघांपैकी एका अधिकाऱ्याचे ते निवृत्तीपूर्वीचे अखेरचे उड्डाण होते. त्याचे स्वागत करण्यासाठी घरची मंडळी तळावर आली होती. मॅकगिहान यांची पत्नी व दोन धाकटे मुलगे घराच्या अंगणातून पाहत होते.

आता विचार करा. एकाच विमानात, एकाच क्षणी मेलेले हे दोघे. कोणी म्हणेल, दोघेही जिवावर उदार. आम्ही तसे म्हणणार नाही. हॉलंड यांनी जे उधळले ते सर्वस्वी त्यांचे नव्हते. शेजाऱ्याचा जीव, त्याच्या बायकोचा संसार, मुलांचा बाप, हे सारे त्या एका घिरटीवर लावले गेले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्यात कसले औदार्य? मॅकगिहान यांनी मात्र जे दिले ते आपले स्वतःचे, आणि ते दुसऱ्याचा मुलगा वाचावा म्हणून.

यावर एक आक्षेप येईल. विमानात बसलेले सारे जाणते होते, आपल्या पायांनी चढले, मग दोष कसला? पण गणवेशातल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो? वरिष्ठ 'चल' म्हणाला की नाही म्हणणे अवघड. शिवाय नाही म्हणणाऱ्याला भित्रा म्हणण्याची चाल जगभर आहे.

दोष एकट्या हॉलंड यांच्यावर टाकून मोकळे होणेही बरोबर नाही. ते पहिल्या वेळी चुकले तेव्हा त्यांचा हात धरला असता, तर तेही वाचले असते. ज्या वरिष्ठाने मॅकगिहान यांची मागणी फेटाळली, त्याने १९९५ मध्ये लष्करी न्यायालयात कर्तव्यात कसूर केल्याचे कबूल केले व त्याला दंड झाला. पण समोर पाहूनही गप्प राहिलेल्या इतरांचे काय? गुणी माणसाला सारे माफ, ही आपली जुनी खोड आहे. जो इतरांपेक्षा सरस, त्याला नियम सैल. खरे म्हणजे त्यालाच आवर घालणारा मित्र अधिक हवा, कारण त्याला धोका दिसेनासा होतो.

आणि टाळ्या वाजविणारे आपण? स्वातंत्र्यदिनी तेल अवीवच्या किनाऱ्यावर विमाने पाहावयास आपणही पोराबाळांना खांद्यावर घेऊन उभे राहिलो आहोत. त्यात गैर काही नाही. पण २८ ऑगस्ट १९८८ रोजी जर्मनीत रामश्टाइन येथे इटलीच्या पथकातील तीन विमाने एकमेकांवर आदळली, त्यांतील एक प्रेक्षकांत कोसळले आणि तीन वैमानिकांसह सत्तर माणसे गेली. तीही पोराबाळांना घेऊनच आली होती. त्यानंतर प्रदर्शनांचे नियम कडक झाले. प्रेक्षकांपासूनचे अंतर वाढले, त्यांच्या दिशेने येणाऱ्या कसरतींना आळा बसला. असे नियम पाळणाऱ्या वैमानिकाचे उड्डाण कदाचित थोडे कमी थरारक दिसत असेल.

आमचे म्हणणे एवढेच आहे. धाडसाला आम्ही नावे ठेवीत नाही. आपणही घरदार सोडून समुद्रापलीकडे आलेली माणसे आहोत, आणि धोका पत्करल्याशिवाय काही घडत नाही हे जाणतो. पण धोका पत्करणाऱ्याने आपल्याबरोबर कोण कोण बसले आहे ते आधी मोजावे. आणि पाहणाऱ्यांपैकी ज्याला धोका दिसतो, त्याने मॅकगिहान यांच्याप्रमाणे तो बोलून दाखवावा. त्या बोलण्याकडे लक्ष दिले गेले असते, तर त्यांना त्या आसनावर बसावे लागले नसते.