कष्टांचा जमाखर्च

कष्टाचे फळ मिळाले पाहिजे, असे आपण सगळेच मानतो. ते मिळतेच, असे मानणारा माणूस मात्र मंचरच्या बाजारात शोधून सापडायचा नाही. आमच्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठार आहे. तिथला शेतकरी पावसाच्या भरवशावर खरिपाचा बटाटा करतो. बांधाला बांध लागून असलेल्या दोघांनी एकच बेणे लावले, सारखीच खुरपणी केली, सारख्याच रात्री जागून काढल्या, तरी एकाचा माल आठ दिवस आधी निघाला म्हणून त्याला भाव सापडतो आणि दुसऱ्याला गाडीभाडेही सुटत नाही. याला अन्याय म्हणावे, तर अन्याय करणारा कोणी दिसत नाही. न्याय म्हणावे, तर जीभ रेटत नाही.

अशा घरातला मुलगा पहाटे पोलीस भरतीसाठी धावतो, दुपारी अभ्यासिकेत बसतो आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाइलवर एक खेळ खेळतो. त्या खेळात तो एका काल्पनिक राज्यातला योद्धा असतो. लांडगा मारला की काही गुण मिळतात, राक्षस मारला की त्याहून अधिक मिळतात. ठरावीक गुण साठले की योद्धा वरच्या लेव्हलला जातो. मग त्याचा घाव अधिक जड होतो, तो अधिक मार सोसू शकतो, एखादी नवी विद्या त्याला येऊ लागते. मारलेला एकही हात फुकट जात नाही. भरतीतही गुण असतात. १६०० मीटर धावण्याला, १०० मीटर धावण्याला, गोळाफेकीला गुण आहेत. पण जागा मोजक्या असल्यामुळे तुमच्या गुणांना किंमत किती, हे दुसऱ्याच्या गुणांवर ठरते. खेळातल्या राज्यात तसे नाही. तिथे जितके केले तितके तुमचे.

घरचे म्हणतात, पोरगे वेळ वाया घालवते. मला ते पूर्णपणे पटत नाही. आळशी माणसाला हिशेब नको असतो. हा मुलगा चोख हिशेबाच्या शोधात आहे आणि तो त्याला एका खोट्या राज्यात सापडला आहे. तेव्हा त्याला रागावण्यापूर्वी त्या हिशेबाचीच तपासणी केली पाहिजे. तिथे न्याय मिळतो हे मान्य केले, तरी तो न्याय नेमका कोणाला मिळतो? वाढते ते कोण?

या हिशेबाचा उगम फार जुना नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. तो टेबलाभोवती बसून, फासे टाकून आणि बोलून खेळायचा. खेळणाऱ्याने योद्धा, मांत्रिक अशी एक भूमिका घ्यायची आणि पराक्रम करून गुण मिळवायचे. या गुणांना त्यांनी 'अनुभव' असे नाव दिले. मौज अशी, की त्या पहिल्या खेळात राक्षस मारल्याबद्दल अनुभव मिळे, तसा भुयारातून आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागेही अनुभवाचा एक गुण मिळे. अनुभव आणि धन एकाच मापाने मोजले गेले. पुढे हीच रीत संगणकावरच्या खेळांत आली. १९८६ साली जपानात आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने ती घरोघरी नेली. बोटांची चलाखी नसलेला मुलगाही या खेळात मागे राहत नसे. दुबळ्या शत्रूंशी पुन्हा पुन्हा लढून तो आपला योद्धा बळकट करी आणि शेवटी जिंके. चिकाटीला हमखास फळ, असे ते वचन होते.

हे वचन तुच्छ नाही. परंतु जे मोजले जाते, तेच माणूस वाढवू लागतो, आणि मग मोजमापाची फजिती होते. १९८८ सालच्या 'फायनल फँटसी' या खेळाच्या दुसऱ्या भागात रचनाकारांनी लेव्हल काढून टाकली आणि अधिक खरी वाटणारी रीत घातली. जे करावे ते वाढावे. तलवार चालवणाऱ्याची तलवार सुधारावी, मार खाणाऱ्याची सहनशक्ती वाढावी. कल्पना चांगली होती. खेळणाऱ्यांनी तिचा अर्थ असा लावला, की शत्रूची वाट कशाला पाहायची? त्यांनी आपल्याच सोबत्यांवर तलवार चालवून सगळ्यांची सहनशक्ती वाढवून घेतली. २००६ सालच्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये वेगळीच अडचण झाली. खेळ सोपा पडू नये म्हणून तुमच्याबरोबर शत्रूही बळकट व्हावेत, अशी योजना होती. परिणाम असा, की आडवाटेवरचा फाटका दरोडेखोर काही दिवसांनी राजाला शोभेल असे चिलखत घालून उभा राही. अंगावर एवढी दौलत घातलेला हा माणूस वाटसरूकडे थोडी नाणी मागे! खेळणारा वाढला, जगही तेवढेच वाढले आणि दोघांतले अंतर होते तेवढेच राहिले. महागाई भत्त्यावर जगणाऱ्यांना हा अनुभव समजावून सांगायला नको.

आता तालमीकडे पाहू. आमच्या भागात चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा असतात. बैलगाड्यांच्या शर्यती होतात, तसे कुस्त्यांचे आखाडेही भरतात. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग हळूहळू बक्षिसाची रक्कम चढत जाते आणि दिवस कलता कलता शेवटची मोठी कुस्ती लागते. ही चढण खेळातल्या लेव्हलसारखीच दिसते. पण एक फरक आहे. आखाड्यात आधी जोड लावतात. पंच दोघांना शेजारी उभे करून वय, वजन, अंगलट पाहतात. जोड विजोड असेल तर लोक ओरडतात. आपल्याहून दुबळ्याला पुन्हा पुन्हा पाडून मोठे होण्याची सोय तिथे नाही. तशी कुस्ती कोणी मारली, तर तिचा हिशेब कोणी ठेवत नाही आणि ठेवलाच तर त्याच्या नावे वजाबाकीच होते.

याहून मोठा फरक तालमीच्या आत आहे. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली ती तांबडी माती पोरांना रोज उकरावी लागते. जोर आणि बैठका एकट्याने काढता येतात. डाव मात्र एकट्याने शिकता येत नाही. ढाक शिकायची, तर ढाकेवर पडणारा कोणी तरी लागतो. घिस्सा शिकायचा, तर ज्याच्या मानेवर कोपर घासायचे ती मान दुसऱ्याची असते. जुना पैलवान नव्या पोराला आपले अंग देतो, शंभर वेळा त्याच्या हातून पडतो आणि उठून म्हणतो, "कंबर अजून खाली घे." या शंभर पडण्यांची नोंद कुठे होत नाही. होते ती त्या पोराच्या कमरेत. तालमीत आलेले कौशल्य हे अशा रीतीने दुसऱ्याने सोसलेल्या पडण्यांचे बनलेले असते. खेळातल्या योद्ध्याला असे कोणाचे देणे नसते. त्याने मारलेला लांडगा जन्मालाच आला तो त्याच्या खात्यात दोन गुण टाकण्यासाठी. गुरू भेटला तरी तो बहुधा नाणी मोजून घेतो आणि विद्या देतो. व्यवहार तिथेच संपतो.

मला दिसतो तो भेद असा. खेळातले कौशल्य ही मालमत्ता आहे आणि तालमीतले कौशल्य हे ऋण आहे. शेख सादीने १२५८ साली लिहिलेल्या 'गुलिस्ताँ'त एक कथा आहे. ती आपल्याकडे वस्तादाच्या राखीव डावाची गोष्ट म्हणून तालमीतालमीतून सांगतात. एका वस्तादाला ३६० डाव येत होते. त्याने लाडक्या शिष्याला ३५९ शिकवले. शिष्य तरणाबांड झाला आणि राजाला म्हणाला, वयामुळे आणि गुरुपणामुळे मी वस्तादांना मोठे म्हणतो, एरवी मी कशातच कमी नाही. राजाने कुस्ती लावली. वस्तादाने राखलेला एक डाव टाकला आणि शिष्य चीत झाला. लोक या गोष्टीतून वस्तादाच्या धोरणीपणाचे कौतुक करतात. मला त्यात शिष्याचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. ३५९ डाव मिळाले, आता बाकी काही नाही, असे त्याने खाते बंद केले होते.

ऋण मानणारा पैलवान कसा असतो, त्याचे उदाहरण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आहे. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीतला हा मल्ल तिथे मॅटवर आणि परक्या नियमांत उतरला होता. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्या लढवून मिळालेल्या पैशांतून त्यांनी ते घर सोडवायला हातभार लावला, असे सांगतात. त्यांच्या कष्टांचा हिशेब मात्र जगाने नीट ठेवला नाही. ते १९८४ साली अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

इथपर्यंत आल्यावर ऋणाचा पक्ष घेऊन निबंध संपवणे सोपे होते. पण ऋणाची दुसरी बाजू आपल्या महाभारतातच लिहिलेली आहे. एकलव्याला कोणी शिकवले नव्हते. मातीच्या पुतळ्यापुढे उभे राहून त्याने विद्या मिळवली होती. तरी द्रोणांनी त्याच्याकडे दक्षिणा मागितली आणि उजव्या हाताचा अंगठा घेतला. कौशल्य हे ऋण आहे म्हटले, की ते देणारा कोण आणि घेण्याची लायकी कोणाची, हे प्रश्न येतात. आपल्या समाजात त्यांची उत्तरे जातीने आणि जन्माने दिली. कितीतरी तालमींची दारे मुलींना अगदी अलीकडेपर्यंत बंद होती. खेळातला हिशेब निर्जीव असतो हे खरे, पण तो नाव, गाव, जात विचारत नाही आणि अंगठा मागत नाही. २०२० साली पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स' या मंडळींनी 'राजी' नावाचा खेळ तयार केला. त्याची नायिका एक साधी मुलगी आहे. हरवलेल्या भावासाठी ती असुरांशी लढते, दुर्गेचा त्रिशूळ आणि विष्णूचे धनुष्य तिच्या हाती येते. शस्त्र हे वरदान आहे, ही आपली जुनी ऋणाची कल्पना त्यात आहेच. पण वरदान द्यायला कोणी तिचे कुळ विचारत नाही.

सगळे खेळ केवळ जमाखर्चाचे असतात असेही नाही. जपानी रचनाकार हिदेताका मियाझाकी यांचा 'डार्क सोल्स' हा २०११ सालचा खेळ पाहा. त्यात मेलात की साठवलेली सगळी कमाई मेल्या जागी पडून राहते. पुन्हा तिथवर पोहोचलात तर मिळते, वाटेत पुन्हा मेलात तर कायमची जाते. तरीही लोक तो खेळतात, कारण कमाई गेली तरी शत्रू कोणत्या पायावर भार देऊन वार करतो, हे डोळ्यांना कळलेले असते आणि ते कोणी काढून घेत नाही. एकदाही लेव्हल न वाढवता तो पुरा करणारे खेळाडू आहेत. शिवाय त्यात अनोळखी खेळाडूंना एकमेकांसाठी जमिनीवर निरोप लिहून ठेवता येतात. पुढे खड्डा आहे, वळणाआड शत्रू दडला आहे, असे. लिहिणारा कोण, हे वाचणाऱ्याला भेटत नाही. दुसऱ्याने सोसलेले पडणे असे तिथेही हळूच येऊन पोहोचते.

तेव्हा हिशेब आणि ऋण यांत एकाची निवड करावी, असे मला वाटत नाही. त्यांच्या जागा वेगळ्या आहेत, एवढेच आहे. दुसऱ्याच्या कष्टांचा विचार करताना माणसाने हिशेबी असावे. त्याने किती केले, त्याला किती मिळाले, तफावत का पडली, हे पैशापैशाने मोजावे. बाजार समिती असो, भरती असो, शाळा असो, तिथे भावनेला थारा नको, चोख तराजू हवा. आणि स्वतःच्या कौशल्याचा विचार करताना ऋणाईत असावे. हे माझ्या अंगात कोणाकोणाच्या पडण्यातून आले, ते आठवावे आणि आपले अंग पुढच्या पोराला द्यावे.

आपण नेमके उलटे करतो. फळाची आशा धरू नये, हा उपदेश दुसऱ्याला करतो आणि स्वतःच्या कष्टांची वही पाठ म्हणून दाखवतो. गीतेने तो उपदेश लढायला उभ्या असलेल्या माणसाला केला होता आणि करणारा स्वतः त्याच रथावर बसून घोडे हाकत होता. घोडे न हाकता तो उपदेश करण्याचा अधिकार मात्र आपण आपल्याकडे कधी घेतला, ते कळले नाही. जोवर तो अधिकार आपण सोडत नाही आणि तराजू नीट करत नाही, तोवर चोख हिशेबाच्या काल्पनिक राज्यात पळून जाणाऱ्या मुलांना रागावण्याचा हक्क आपल्याला पोहोचत नाही.