दोन गट

कायदा, पेशाची शिस्त आणि नीती, या तीन गोष्टींनी पत्रकार बांधलेला असतो म्हणतात. ठीक आहे. पण दोस्तहो, कायदा आणि शिस्त पाळूनसुद्धा पत्रकार अन्यायाच्या बाजूला जाऊन बसू शकतो का? आपल्या भीमेच्या काठानं याचं उत्तर दोनदा दिलंय. एकदा शिरूर तालुक्यात, एकदा दौंड तालुक्यात.

आधी कायदा घेऊ. घटनेच्या कलम १९ नं बोलायचं स्वातंत्र्य दिलं आणि त्याच कलमात त्याच्या मर्यादाही सांगितल्या. बदनामी करू नका, कोर्टाचा अवमान करू नका, दंगल भडकवू नका. सगळे 'नका'च. काय छापू नये ते कायदा सांगतो. काय छापलंच पाहिजे ते सांगत नाही. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्याची जाहिरात 'केसरी'कडं पाठवली. पैसे मोजायची तयारी होती, तरी 'केसरी'नं ती घेतली नाही. यात कुठला कायदा मोडला? एकही नाही. गप्प बसायला शिक्षा नसते. म्हणजे कायदा पाळणारा पत्रकार गुन्हेगार नाही, एवढंच ठरतं. तो खरा आहे, हे ठरत नाही.

मग पेशाची शिस्त. १९७८ च्या कायद्याखालच्या प्रेस कौन्सिलनं आचाराचे नियम घालून दिलेत. दंगलीची बातमी सांभाळून द्या, आग भडकेल असं लिहू नका. हेतू चांगलाच आहे. पण १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमात काय झालं? लढाईला दोनशे वर्षं झाली म्हणून विजयस्तंभाला लाखो माणसं चालली होती. म्हाताऱ्या, पोरंबाळं, निळे झेंडे. त्यांच्यावर दगड पडले, गाड्या जळाल्या. आणि कित्येक बातम्यांत शब्द आला, 'दोन गट'.

गट! वंदनाला निघालेली बाई एक गट आणि तिच्यावर दगड उचलणारा हात दुसरा गट. जातीचं नाव टाळलं म्हणून शिस्त पाळली गेली. पण मारणारा आणि मार खाणारा एकाच तागडीत बसले. पुढं ३ जानेवारीचा बंद झाला तेव्हा मात्र गट उरले नाहीत. गाड्या कुणी अडवल्या, काचा कुणी फोडल्या, हे लगेच बिनचूक कळलं.

त्याच साली ३१ ऑगस्टला पोलिसांनी पत्रकार परिषद घेतली आणि एल्गार परिषदेच्या प्रकरणातली पत्रं वाचून दाखवली. खटला अजून उभा राहायचा होता. २८ सप्टेंबरच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या वेगळ्या मतात यावर बोट ठेवलं. तोवर घराघरातल्या टीव्हीवर निकाल लागून गेला होता. 'पोलिसांनी सांगितलं म्हणून दिलं' ही पत्रकाराची जुनी सबब. सांगणाऱ्याचं नाव छापलं म्हणून सांगितलेलं खरं होत नाही.

दौंडचं तर याहून वाईट. जानेवारी २०२३ मध्ये पारगावजवळ भीमेच्या पात्रात एका मागून एक सात मृतदेह सापडले. एकाच कुटुंबातले, त्यात तीन लहान लेकरं. पहिल्यांदा बातमी आली ती सामूहिक आत्महत्येची. कारणही तयार होतं : पोरानं मुलगी पळवली, घरानं लाजेखातर जीव दिला. थोड्याच दिवसांत पोलिसांनीच सांगितलं की हा खून आहे, आणि नात्यातलीच माणसं अटकेत गेली. म्हणजे मेलेल्यांच्या कपाळावर आधी त्यांच्याच मरणाचा दोष लिहून झाला होता. मेलेली माणसं खुलासा छापा म्हणून कचेरीत येत नाहीत.

इथं नीतीचा प्रश्न येतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हे उलगडून सांगितलंय. चोरांनाही आपसात नीती असते. व्यापाऱ्यांना असते, जातीतल्या जातीतही असते. पण ती आपल्या माणसांपुरती. ती टोळी राखते आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडते. म्हणून नीती पवित्र हवी आणि सगळ्यांना एकच हवी. 'दोन गट' लिहिणारा टोळीची नीती पाळत होता. बेइमान असेलच असं नाही. त्याला आपल्यातला माणूस दिसला, दुसरा दिसला नाही.

आता हीच फूटपट्टी आपल्याला लावू. १ जानेवारीच्या त्या हिंसाचारात सणसवाडीत एक तरुण मारला गेला. तो मराठा समाजातला होता. आपल्या किती पत्रकांत, किती भाषणांत त्याचं मरण आलं? 'त्यांचं ते छापतील' असं आपण म्हणणार असू, तर 'केसरी'ला नावं ठेवायचा आपला हक्क कुठं राहिला?

काही कार्यकर्ते म्हणतील, सगळी वर्तमानपत्रं त्यांची, सगळे चॅनल त्यांचे. आपल्या चार पानांनी कशाला तोलूनमापून लिहायचं? चळवळीच्या कामी आलं तर थोडं वाढवून लिहिलं, काय बिघडलं? बिघडतं. गिरणीत धागा तुटला तर साचा थांबवावा लागतो. न थांबवता पुढं विणलं तर कापडात डाग राहतो, आणि गिऱ्हाईक त्या डागासाठी सगळा तागा परत करतं. अत्याचाराच्या दहा खऱ्या बातम्यांत आपण एक खोटी घातली, की कोर्टात आणि गावात उरलेल्या दहाही परत येतात. त्याचा मार लिहिणाऱ्याला बसत नाही. फिर्याद द्यायला उभ्या राहिलेल्या बाईला बसतो.

म्हणून तोलून लिहायचं ते त्यांच्या भीतीनं नव्हे, तिच्यासाठी. मारणाऱ्याचं नाव सापडलं तर स्पष्ट लिहायचं, 'गट' म्हणून झाकायचं नाही. मोबाईलवर आलेला मजकूर त्या वस्तीत जाऊन विचारल्याशिवाय स्टेन्सिलवर चढवायचा नाही. मेलेल्यावर कुणी ठपका ठेवला तर पुरावा मागायचा. आणि मरण कुणाच्याही घरातलं असो, मोजायचं.

मूक माणसाचा नायक व्हायचं तर त्याच्या तोंडी खोटं घालून चालणार नाही.

जयभीम.