अरुंद रुळांचे ऋण

बार्शी लाईटच्या ओस पडलेल्या स्थानकांचा विषय निघाला की आपल्या सोलापूर जिल्ह्यातील जुनी माणसे हळवी होतात. जी वस्तू आपले काम करून थांबली, तिचे आपण खरोखरच काही देणे लागतो काय?

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. १९०६ साली ती पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. तिच्या संथ चालीवर विनोद पुष्कळ झाले. पण कापसाला बाजार आणि वारकऱ्याला विठोबा तिनेच जवळ आणला. याच कॅल्थ्रॉपने इंग्लंडात मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात १९०४ साली त्याच मापाची गाडी घातली. तिचा संसार दुधावर चाले. दुधाची वाहतूक तुटली आणि १९३४ साली ती बंद पडली. तिच्या मार्गाची आता पायवाट झाली असून ह्यूम एंडच्या स्थानकात वाटसरू विसावतात.

ॲरिस्टॉटलच्या मते वस्तूचे सार्थक तिच्या हेतूत असते. हे मान्य केले तर बार्शी लाईटसाठी रडण्याचे कारण उरत नाही. या शतकाच्या आरंभी तिचे रूळ रुंद झाले, लातूरचे शहरातले जुने स्थानक मागे पडले. आणि एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाणी आले ते याच वाटेने. पहिल्याच खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर! अरुंद रुळांना हा भार पेलला नसता.

साधनाला हा न्याय ठीक आहे. माणसाला तो लावताना मात्र मी अडखळतो. सोलापुरातल्या गिरण्या बंद झाल्या तेव्हा यंत्रे भंगारात गेली, ते समजण्यासारखे होते. कामगारही त्याच तागडीत पडले. 'आता त्यांचा काय उपयोग?' हे वाक्य घरभेटींत मी वृद्धांच्या देखत ऐकले आहे.

म्हणून स्थानकासाठी हळवे होणाऱ्यांना मी हसत नाही. नीट ऐकले तर ते दगडविटांविषयी बोलतच नसतात. पावसात हिरवा कंदील धरून उभा राहणारा पॉइंट्समन, वारीच्या गर्दीत परक्याचे मूल खिडकीतून आत घेणारी बाई, यांच्याविषयी ते बोलतात. त्यांतली काही माणसे अजून आपल्याच गावांत, ओसरीवर बसलेली असतात.