दोष आणि फिर्याद

१९९३ साली इयन मर्डॉक यांनी आरंभिलेल्या डेबियन या मुक्तस्रोत संगणकप्रणालीच्या सामाजिक करारात, आपले दोष लोकांपासून लपविणार नाही असे वचन असल्यामुळे, तिच्या प्रत्येक पॅकेजाविरुद्धची, म्हणजे त्यातील प्रोग्रॅमाविरुद्धची, फिर्याद जाहीर दप्तरी दाखल होते. आणि ज्यांनी स्वेच्छेने संमती दिली त्यांच्या संगणकांवर कोणती पॅकेजे आहेत याची खानेसुमारीही ‘पॉपकॉन’ या नावाने अखंड चालू असते. ही दोन्ही दप्तरे शेजारी मांडली, की लोकप्रिय पॅकेजांच्या नावे फिर्यादींचा ढीग आणि अप्रसिद्धांचा रकाना बहुधा कोरा आढळतो. आणि त्यावरून पहिली सदोष, दुसरी निर्दोष, असा निवाडा देण्याचा मोह होतो. तो निवाडा मला सर्वस्वी अन्यायाचा वाटतो.

दोष लिहिणाऱ्याच्या हातून निपजतो. परंतु फिर्याद दाखल होण्यासाठी कोणीतरी ते पॅकेज वापरावे, त्याची अडवणूक व्हावी, तिचे मूळ नेमके कोठे आहे हे त्याला उमगावे, आणि एवढ्यावरही ते सविस्तर लिहून कळविण्याइतकी आस्था त्याच्यापाशी उरावी लागते. शिवाय त्याच दप्तरात नव्या सोयींच्या मागण्याही रुजू होतात, आणि अशा मागण्या लोक आवडत्या पॅकेजाकडेच करतात! कोरा रकाना हा पुष्कळदा निर्दोषतेचा नव्हे, उपेक्षेचा पुरावा असतो.

मात्र लोकप्रियतेवर याहून अधिक भिस्त ठेवणेही धोक्याचे आहे. पाहणारे डोळे पुरेसे असले म्हणजे दोष दडून राहत नाही, हा सिद्धांत एरिक रेमंड यांनी लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांच्या नावे रूढ केला. पण मार्च २०१२ च्या आवृत्तीबरोबर ओपनएसएसएल या, संगणकांमधील संवाद गुप्त ठेवणाऱ्या, प्रोग्रॅम-संग्रहात (लायब्ररीत) शिरलेला ‘हार्टब्लीड’ हा दोष एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला, आणि तोवर जगातील असंख्य सर्व्हर, मागणाऱ्या कोणालाही, एका खेपेस ६४ किलोबाइटपर्यंत आपल्या स्मृतीतील मजकूर बिनबोभाट देत राहू शकत होते. कोणाचे काही अडले नाही, म्हणून कोणी फिर्यादही केली नाही. वापरणारे अगणित असूनही त्या लायब्ररीची संहिता वाचणारे मूठभरच होते, आणि वापरणाऱ्याची दृष्टी वाचणाऱ्याच्या दृष्टीचे काम करू शकत नाही.

वापरणाराच वाचणारा झाला, की चित्र बदलते: २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पॅकेजात मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले, तेही अँड्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या संगणकात प्रवेश देणाऱ्या एसएसएचच्या लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो हे खटकले, आणि त्यांनी त्याचा पिच्छा पुरविला, म्हणून. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते अद्याप पोचले नव्हते.