न रडणाऱ्याची दखल

रडल्याशिवाय आईदेखील पाजत नाही, असे आपण म्हणतो. ही म्हण मी पूर्वी व्यवहारज्ञान म्हणून सांगत असे. आताशा ती माझ्यावरच्या आरोपासारखी ऐकू येते.

माझे थोरले बंधू पेठला राहतात. दर भाऊबीजेला सावळघाट ओलांडून ते नाशिकला माझ्याकडे येत. त्यांना मधुमेह आहे हे ठाऊक असूनही मी पानात करंजी वाढी आणि "एकीने काय होतंय, अण्णा?" असे वर म्हणे. ते हसून खात. त्यांना काही होत नव्हते, म्हणून मलाही काही वाटत नव्हते.

मूत्रपिंडाचा स्वभावच असा. दात दुखला की माणूस घर डोक्यावर घेतो. पण एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळण्या, त्या वर्षानुवर्षे निकामी होत गेल्या तरी हूं की चूं नाही. लघवीतून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन झिरपू लागते, ही पहिली खूण. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसेपर्यंत निम्मे काम थांबलेले असू शकते. ती खूण वेळीच सापडली तर साखर आणि रक्तदाब आवरता येतो. शिवाय १९९३ साली कॅप्टोप्रिल आणि २०१९ साली कॅनाग्लिफ्लोझिन या औषधांनी हा ऱ्हास मंदावतो, असे सिद्ध झाले आहे.

एका करंजीने हे झाले नाही, हे मला कळते. पण इतक्या वर्षांत मी आग्रह केला तो खाण्याचा. तपासणीचा एकदाही नाही.

आता अण्णा त्याच घाटाने आठवड्यातून तीनदा येतात. येताना पन्नासएक किलोमीटर, जाताना तितकेच. मध्ये चार तास यंत्राला जोडलेले. गरिबांना डायलिसिस मोफत मिळावे म्हणून २०१६ साली केंद्र सरकारने योजना काढली, ते योग्यच झाले. पण डोंगरातल्या माणसाचा बुडालेला रोज तिने कसा भरून निघावा? हाक ऐकून धावणे ही दया खरी. जो हाक मारीत नाही त्याच्याकडे आधी जाणे, हे मात्र कर्तव्य. घराचे असो वा सरकारचे, ते आपण नेहमी उद्यावर टाकतो.

मी एकदा अण्णांना विचारले, "तुम्ही नको का म्हणाला नाहीत?" ते म्हणाले, "अगं, तुझं मन मोडवेना."

धाकट्या भावालाही दोन वर्षांपासून मधुमेह आहे. "मला काही होत नाही," असे तोही म्हणतो. यंदा ओवाळणीत मी त्याच्याकडे साडी मागणार नाही. लघवीच्या तपासणीचा कागद तबकात पडल्याशिवाय त्याचे पान वाढायचे नाही, असे ठरवले आहे.