पेन आणि पाना

दहावीचा निकाल लागला की आमच्या आंजीत सल्ल्याचं पीक जोरात येते. पेरणीच्या आधीच येते आणि त्याला ना खत लागत, ना पाणी. पानठेल्यावर, दुधाच्या डेअरीवर, एसटीची वाट पाहता पाहता जो तो एकमेकाला विचारतो, "पोट्ट्याले कशात टाकता?" पोट्ट्याला कोणी विचारत नाही. मार्कांवरून सगळं ठरलेलं असते. ऐंशीच्या वर असला तं सायन्स, त्याच्या खाली कॉमर्स नाहीतर आर्ट्स, आणि पासापुरते असले तं आयटीआय. कापूस विकायला नेला म्हणजे ग्रेडर जशी प्रत लावतो तशीच ही प्रत लागते. पांढरा कापूस कॉलेजात, कवडी आयटीआयला.

मला खटकते ते हेच. हातानं काम करण्याची ज्याला आवड आहे त्यानं तिकडे जावं, हे कोणीच म्हणत नाही. ज्याला दुसरं काही जमत नाही त्यानं जावं, असंच सगळे म्हणतात. म्हणजे पोरगं आयटीआयच्या दारात पाय ठेवते तेच मुळी हरलेलं म्हणून. तिथं विजेचं काम शिकवतात, फिटरचं शिकवतात. एक वायर चुकली तर माणूस मरते असं ते काम आहे. अशा कामाला उरलेसुरले पोरं पाठवायचे आणि मग गावात चांगला कारागीर मिळत नाही म्हणून बोंबलायचं, हा न्याय मला कधी समजला नाही.

गंमत अशी की या प्रश्नाचं मोठं भांडण आमच्याच जिल्ह्यात झालं आहे, आणि तेही लहानसहान लोकांत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. देशातून शिक्षणतज्ज्ञ आले, काही प्रांतांचे मंत्रीही आले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हेच झाकिर हुसेन पुढे राष्ट्रपती झाले. जर्मनीत डॉक्टरेट केलेला हा माणूस वर्ध्यात बसून पोरांनी सूत कसं कातावं, याचा अभ्यासक्रम लिहीत होता. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि मधोमध एक हस्तोद्योग. चरखा, शेती, सुतारकी, जे त्या मुलखात चालत असेल ते. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम या जोडप्यानं हे प्रत्यक्ष चालवून दाखवलं. आजही तिथं आनंद निकेतन नावाची शाळा आहे. मध्ये खंड पडला होता, २००५ पासून पुन्हा सुरू आहे.

लोकांना वाटते, गांधीजी पोरांना मजूर करायला निघाले होते. तेव्हाही तसं म्हणणारे होते. शाळेचा खर्च पोरांच्या मालावर निघावा, हे त्यांचं म्हणणं बऱ्याच लोकांना पटलं नव्हतं, आणि मलाही ते पूर्ण पटत नाही. दहा वर्षांच्या पोराच्या सुतावर मास्तरचा पगार काढायचा म्हटलं की मास्तरचं लक्ष पोराकडून सुताकडे जाणारच. पण मुख्य गोष्ट वेगळी होती. हस्तोद्योग 'ढ' पोरांसाठी ठेवलेला नव्हता. वकिलाच्या पोरानंही कातायचं आणि कुणब्याच्याही. कातता कातता गणित शिकायचं, कापूस कुठून येतो म्हणून भूगोल शिकायचा, मँचेस्टरच्या गिरण्यांपाशी आलं की इतिहास. हात आणि डोकं एकाच माणसाला दिलेले आहेत, ते दोन माणसांत वाटून देऊ नका, असं ते सारं होतं.

ते टिकलं नाही. स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा निघाल्या बऱ्याच, पण शहरात इंग्रजी शाळा जशाच्या तशा चालू राहिल्या. खेड्यातल्या बापाच्या लक्षात आलं, की साहेबाचं पोरगं काही टकळी फिरवत नाही. मग माझ्याच पोरानं कायले फिरवायची? पुढे कोठारी आयोगानं 'कार्यानुभव' हा शब्द दिला. शाळेत त्याचा झाला एक तास. घोटीव कागदाची फुलं करून वर्गात दोरीवर टांगायची. आम्ही शिकलो तेव्हा अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची झाली होती, तेव्हापासून त्या फुलांचे रंग बदलले, फुलं तीच आहेत.

हे सगळं मी एकदा आमच्या शेजारच्या एका सालदाराला सांगत बसलो होतो. त्याचा पोरगा दहावी पास झाला, मार्क बरे मिळाले. पोरगा सुट्टीत मोटार बांधायच्या दुकानात बसते, हात चांगला आहे. मी म्हटलं, इलेक्ट्रिशियनला टाक. त्यानं तंबाखू मळता मळता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"भाऊ, तुमचं खरं हाय. पन एक सांगा. ज्याईचे पोट्टे पुन्याले इंजिनेर हायेत, थेच आमाले आयटीआय सांगतेत. माया बापानं सालदारकी केली, म्या केली. पोरगं पुन्हा हातातच काई घेऊन उभं राहीन, तं म्या त्याले शिकवलं कायले?"

याला उत्तर देणं सोपं नाही. श्रमाची प्रतिष्ठा वगैरे शब्द त्याच्यासमोर बोलायला जीभ रेटत नाही. ज्यानं तीस वर्षं दुसऱ्याच्या वावरात डवरा धरला, त्याला श्रमाची प्रतिष्ठा मी काय सांगू?

आणि त्याच्या बोलण्यामागं मोठा इतिहास आहे. आपल्याकडे हाताचं काम कधी निवडायची गोष्ट नव्हतीच. खात्याच्या पोटी जन्मला तो वखर-तिफन घडवणार, चांभाराच्या घरचा जोडे शिवणार. पसंती-नापसंती कोणी विचारली नाही. १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातीविषयी जे लिहिलं त्यात हाच मुद्दा आहे. कामं वाटून घेणं निराळं आणि माणसंच कप्प्यात वाटून टाकणं निराळं, असा. एकाच जिल्ह्याकडे पाहून गांधीजींचं म्हणणं खरं वाटते, आणि त्याच जिल्ह्यातल्या सालदाराच्या घरी बसलं की बाबासाहेबांचं. त्या घरातून पाहिलं की कॉलेज म्हणजे नुसती डिग्री नसते. पिढ्यांपासून बंद असलेलं दार असते. ते उघडं दिसत असताना 'तिकडे नको, इकडे जा' म्हणणाऱ्यावर त्यानं संशय घेतला तर चूक काय?

पण दार उघडलं म्हणजे पलीकडे खोली असतेच असं नाही. पहाटे आर्वी रोडवर या कधी. पोलीस भरतीसाठी पळणारे पोट्टे दिसतील. बी.ए. झालेले, कोणी एम.ए. झालेले. रोज पळतात, मग लायब्ररीत बसतात, भरतीची जाहिरात निघायची वाट पाहतात. वय निघून जाते. त्यांना वावरातही पाय ठेवावासा वाटत नाही आणि खुर्चीही मिळत नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं जे निवेदन दिलं, त्यातही तक्रार होतीच की हे शिक्षण सरकारी नोकरीवाचून स्वतःच्या पायावर उभं राहायला उपयोगी पडत नाही. त्यांनी प्राथमिक शिक्षणात शेतीची माहिती असावी असंही म्हटलं होतं. तेच फुले खालच्या जातींना शिक्षणाचं दार उघडं करा म्हणून आयुष्यभर भांडले. म्हणजे दार पाहिजेच, आणि आत उपयोगाचं काही पाहिजे, दोन्ही एकाच माणसानं मागितलं. आपण मात्र त्यातलं एकच धरून बसलो.

आजकाल 'अर्थपूर्ण करिअर' असा शब्द पोरांच्या तोंडी असतो. आपल्या भाषेत अर्थ म्हणजे मतलब आणि अर्थ म्हणजे पैसाही. माझ्या मतानं ते बरोबरच आहे. ज्या कामात पोट भरत नाही त्यात मतलब शोधा म्हणणं भरल्या पोटीच सुचते. पण नुसत्या पैशाचंही काम माणसाला आतून पोखरते. मग मतलब असतो कुठे?

मला तो मोटार बांधणाऱ्याच्या दुकानात दिसतो. तूर फुलावर असते, पाणी द्यायचं असते, लाइन रात्रीची. मध्येच एक फेज जाते, उरलेल्या फेजवर लोड येतो आणि मोटार जळते. ती मोटार तो उघडतो, जळकी तार काढतो, वेटोळे मोजतो, तेवढेच नव्या तांब्याच्या तारेचे भरतो, वार्निश देतो, वाळवतो. मोजणीत चुकला तर मोटार तापणार आणि आठ दिवसांत परत त्याच्याच दुकानात येणार. त्याच्या कामाचा निकाल कोणता बोर्ड लावत नाही. विहिरीतून पाणी आलं की पास. आणि आपल्या हातानं काय झालं हे त्याला त्याच दिवशी कळते. नर्सबाईलाही कळते, चांगल्या मास्तरलाही उशिरा का होईना कळतेच. कॉलेज करूनही असं काम मिळू शकते, हे मी नाकारत नाही. ज्याला आपल्या कामाचं काय झालं हे कधीच दिसत नाही त्याचं मात्र मन लागत नाही, मग पगार किती का असेना.

याचा अर्थ आयटीआय केलं की स्वर्ग, असं नव्हे. कारखान्यात बरेचसे पोरं ठेकेदाराकडून लागतात. काम तेच, बाजूच्या कायम माणसाचा पगार निराळा. तेव्हा आयटीआयची जाहिरात करणाऱ्यांनी हेही सांगावं.

जर्मनीची गोष्ट नेहमी सांगतात, की तिथं पोरगं आठवड्यात काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत शिकते, आणि पुढे 'माइस्टर' झालं की समाजात मान असतो. खरं आहे. पण तिथं बऱ्याच ठिकाणी दहा-अकरा वर्षांच्या पोराची वाट ठरते आणि त्यावर तिथंही भांडणं आहेत. मला वाटते, पोरगं कोणत्या वाटेनं जाते याच्यापेक्षा मध्ये धुऱ्यावरून पलीकडे जाता येते की नाही, हे महत्त्वाचं. आपल्याकडे अशी पायवाट आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते, तिथून पुढे इंजिनिअरिंगला. आमच्या गावात हे दहा घरांतसुद्धा कोणाला माहीत नसेल. मी हेच त्या सालदाराला सांगितलं. त्याच्यापेक्षा पोराचेच कान टवकारले. इतका वेळ तो दारात उभा होता.

मी विचारलं, "तुले काय वाटते रे?"

"आबाजी, मोटार मले बांधता येते," तो म्हणाला, "पन बांधता येते म्हनून मी थेच करत राहाचं, असं नाई पायजे. मले थे कावून जळते, हे शिकाचं हाय."

बाप पोराकडे पाहत राहिला. असं तो घरात कधी बोलला नसावा. दोन्हीकडचे फॉर्म भरायचे, नंबर कुठे लागते ते पाहायचं आणि मग पोरानंच ठरवायचं, एवढं त्या दिवशी ठरलं. पण उठता उठता सालदारानं मला आणखी एक विचारलं.

"भाऊ, त्या मोटारवाल्याचे पैसे लोक कवा देतेत, ठाव हाय ना तुमाले?"

ठाऊक आहे. त्याच्या दुकानात खिळ्याला एक वही टांगलेली असते. कॉलेजची फी कापूस विकून, नाहीतर सोनं गहाण ठेवून तारखेच्या आत भरली जाते. क्लासची तर आगाऊ. मोटार बांधणाऱ्याला मात्र 'हंगामावर देतो' म्हणतात, आणि हंगाम आला की चणा निघाल्यावर. वहीत मागच्या खरिपाचीही नावं आहेत, आणि सल्ला देणाऱ्यांतली त्यात बरीच सापडतात. सुट्टीत त्या वहीत आकडे लिहायचं काम त्या पोराकडेच असते.