स्वस्त जमीन आणि तिची उरलेली किंमत

स्वतःच्या नावावर चार गुंठे असावेत, ही इच्छा मुळात लोभाची नव्हे. भाड्याच्या घरात राहणाऱ्याचा संसार अकरा महिन्यांच्या कराराने चालतो. प्रत्येक मुदतीच्या शेवटी त्याला पुन्हा पाहुणा व्हावे लागते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात मांडले होते की, काटकसर करून कामगाराने घेतलेली जमीन म्हणजे त्याचे वेतनच होय, फक्त रूप बदललेले. तेव्हा जमिनीची ओढ असणाऱ्या तरुणाला ‘ऐहिकात गुंतू नकोस’ असा उपदेश करण्याची आमची इच्छा नाही. ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे त्यांनी बेघराला वैराग्य शिकवू नये.

आमच्या वसईत हा प्रश्न आता घरोघरी आला आहे. आजोबांची वाडी मुलांत वाटली गेली, मुलांचे हिस्से नातवंडांत. केळी, पानवेली आणि फुलझाडे होती तेथे इमारती उभ्या राहिल्या. जन्मगावातली जागा जन्मगावच्याच मुलांना परवडेनाशी झाली. लग्न होऊन दोन-तीन वर्षे झालेली जोडपी रविवारच्या मिस्सानंतर मोटारसायकलवरून पालघर, वाडा, विक्रमगडच्या दिशेने जागा पाहत हिंडतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे गणित त्यांच्या आजोबांना पाठ होते. ही पिढी ते दलालाच्या तोंडून प्रथम शिकते. तिचा प्रश्न एकच असतो : स्वस्त जमीन कोठे मिळेल? त्याच्या शेजारी आम्ही दुसरा प्रश्न मांडू इच्छितो : ती स्वस्त का आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दलाल देतो. दुसऱ्याचे उत्तर घेणाऱ्याने स्वतः शोधायचे असते, कारण ज्या जमिनीची पूर्ण किंमत आपण देत नाही, तिची उरलेली किंमत बहुधा दुसरा कोणी तरी देत असतो.

एक स्वस्ताई निसर्गाची असते. जमीन दूर आहे, चढावर आहे, एप्रिल उजाडताच विहीर आटते, वीज आलेली नाही. अशा जमिनीची उरलेली किंमत घेणारा स्वतःच फेडतो : रोजच्या प्रवासाने, पाणी वाहून, दहा वर्षे वाट पाहून. या व्यवहारात कोणाचे काही बुडत नाही. ती निर्धास्तपणे घ्यावी. मात्र पावसाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा स्वतः जाऊन पाहावी. वाट कोणाच्या शेतातून जाते, ती नुसत्या शेजारधर्मावर चालली आहे की कागदावर आहे, हेही विचारावे.

दुसरी स्वस्ताई कागदाची. सातबारा दाखवला की आपली माणसे निश्चिंत होतात. पण सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. त्यातील ‘इतर हक्क’ हा रकाना सर्वांत आधी वाचावा. कुळाचे नाव, बँकेचा बोजा, वन खात्याची नोंद तेथेच दडलेली असते. भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असेल तर ती जमीन सहसा सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. जुने फेरफार काढावेत, दुय्यम निबंधकाकडील नोंदींचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात अलीकडे बदल झाले आहेत. म्हणून शेजाऱ्याच्या जुन्या अनुभवावर विसंबू नये. त्या जागी घर बांधता येईल का, हे विकास आराखडा आणि बिनशेतीचे नियम पाहून ठरवावे. एका सातबाऱ्यावर पंचवीस नावे चढवून विकलेल्या ‘फार्महाऊस प्लॉट’मध्ये आपले पाच गुंठे नेमके कोठे आहेत, हे पुष्कळदा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. हा सारा खर्च प्रथमच जमीन घेणाऱ्याला जड वाटतो. पण वकिलाची फी वाचवून घेतलेली जमीन पुढे मुलांना न्यायालयाच्या तारखांच्या रूपाने वारशात मिळते. शेतकरी असल्याचा खोटा दाखला मिळवून घेतलेल्या जमिनीबद्दल तर निराळे सांगावयास नको. जेथे घराचा पहिला दगडच असत्याचा, तेथे आशीर्वादासाठी धर्मगुरूला बोलावून काय उपयोग?

तिसरी स्वस्ताई माणसाची, आणि खरा नैतिक प्रश्न येथे सुरू होतो. वडील मृत्युपत्र न करता वारले, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती कुटुंबात विधवेला एक तृतीयांश आणि मुलांना उरलेले दोन तृतीयांश मिळते. त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान असतो. तरीही ‘बहिणींचे काही नाही, त्यांची लग्ने झाली’ असे सांगून भाऊ जमीन विकतात, आणि ती घाईघाईने विकायची म्हणून कमी भावात देतात. हक्कसोडपत्रावर बहिणीने सही केली खरी; पण ती प्रेमाने केली की माहेरचा दरवाजा बंद होईल या भीतीने? घेणारा म्हणतो, तो त्यांच्या घरातला प्रश्न. आमच्या मते, त्या भीतीमुळे भाव उतरला असेल आणि ते आपणास ठाऊक असेल, तर तो आपल्याही घरातला प्रश्न झाला.

जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडे गेलो की हाच प्रश्न अधिक उग्र होतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ अन्वये आदिवासीची जमीन बिगरआदिवासीस जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून घेता येत नाही. विक्रीसाठी शासनाचीही मान्यता लागते. सावकारीत आणि दारूच्या उधारीत जमिनी गेल्याचा मोठा इतिहास या तरतुदीच्या मागे उभा आहे. ‘नाव त्याचेच राहू द्या, ताबा तुमचा’ अशी वाट सुचवणारे भेटतात. कायद्याच्या भाषेत तिला बेनामी म्हणतात. नीतीच्या भाषेत तिचे नाव त्याहून जुने आहे. राजा अहाबाला नाबोथाचा द्राक्षमळा भाजीच्या बागेसाठीच हवा होता. म्हणजे गरज अगदी साधी, घरगुती होती, आणि मोबदला देण्याचीही तयारी होती. तरी त्या इच्छेचा शेवट रक्तात झाला; कारण समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे, हे त्या घराला सोसवले नाही.

येथे एक चतुर आक्षेप येतो आणि तो शास्त्राच्याच आधाराने येतो. प्रभू येशूच्या दाखल्यातील माणसाला शेतात ठेव सापडली, ती त्याने लपवली आणि सर्वस्व विकून ते शेत घेतले. त्याने मालकाला कोठे सांगितले? मग उद्या येथून महामार्ग जाणार आहे हे मला ठाऊक आहे आणि विकणाऱ्याला नाही, तर मी गप्प राहिलो म्हणून काय बिघडले? २०२४ साली वाढवण बंदराला केंद्राची मंजुरी मिळाल्यापासून आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही. आमचे उत्तर असे की, तो दाखला स्वर्गराज्यासाठी सर्वस्व सोडण्याविषयी आहे, खरेदीखताविषयी नाही. खरेदीखताविषयी विचारायचे तर संत थॉमस अक्वायनस यांच्याकडे जावे. त्यांच्या मते, वस्तू तिच्या मोलाहून अधिक भावाने विकणे जितके अन्यायाचे, तितकेच ती मोलाहून कमी भावाने घेणेही अन्यायाचे आहे. विकणारा अजाणतेपणी सोने पितळ म्हणून विकत असेल आणि घेणाऱ्याला ते कळत असेल, तर घेणारा भरपाई करण्यास बांधलेला आहे. त्यांनी हेही मान्य केले की, न्याय्य किंमत काट्यावर तोललेली नसते, ती अदमासाची असते. म्हणून घासाघीस करणे पाप नव्हे. अदमास दोघांनीही डोळे उघडे ठेवून बांधावा, एवढीच अट आहे.

आता सर्वांत प्रामाणिक आक्षेप. ‘फादर, आम्ही काय सावकार आहोत? आम्हीही गरजूच. आजारपणामुळे तो विकतो, भाड्याला कंटाळून आम्ही घेतो. पूर्ण भाव देण्याची ऐपत असती तर इतक्या दूर कशाला आलो असतो?’ हा प्रश्न आम्हांला निरुत्तर करत नाही, पण थांबवतो. दोन गरजा समोरासमोर येतात तेव्हा कोणाची मोठी हे सांगणे सोपे नसते. तरी एवढे म्हणता येते : आपली गरज आपल्याला जमीन घेण्याचा हक्क देते, दुसऱ्याच्या गरजेचा भाव पाडण्याचा हक्क देत नाही. ऐपत कमी असेल तर क्षेत्र कमी घ्यावे, अधिक दूर जावे, विकणारा राजी असेल तर हप्त्याने द्यावे, दोन भावांनी मिळून घ्यावे. पाच गुंठ्यांच्या पैशांत तीन गुंठे घेणे हे नुकसान नव्हे. ते उरलेली किंमत स्वतः फेडणे होय. आणि औषधोपचारासाठी विकणाऱ्याला आपण चार दिवसांत पैसे मोजणार असू, तर त्या घाईचा लाभ त्याला मिळावा, आपणाला नव्हे.

पवित्र शास्त्रात सविस्तर नोंदवलेली पहिली जमीनखरेदी एका परक्याची आहे. आब्राहाम हेब्रोनच्या प्रदेशात उपरा होता. सारेला पुरण्यापुरतीही भूमी त्याच्यापाशी नव्हती. एफ्रोन हित्तीने मकपेलाचे शेत त्याला फुकट देऊ केले. आब्राहामाने ते घेतले नाही. नगराच्या वेशीत, सर्वांच्या देखत, त्याने चारशे शेकेल रुपे तोलून दिले; आणि शेत, गुहा आणि हद्दीतील झाडे असा तपशील लावून व्यवहार पक्का झाला. देवाने तो सारा देश त्याच्या वंशाला देण्याचे वचन दिले होते. ते वचन पुढे करून त्याने भाव पाडला नाही. उलट, पूर्ण किमतीचा आग्रह त्याचाच होता.

आपल्या तरुण जोडप्यांना जमीन मिळावी, आणि लवकर मिळावी, अशी आमची प्रार्थना आहे. धर्मग्रामातील वकील, निवृत्त तलाठी आणि जाणती माणसे महिन्यातून एक संध्याकाळ त्यांच्या कागदांसाठी देतील, तर पुष्कळांची फसवणूक टळेल. पण कागद वकील तपासतो, मोजणी भूमापक करतो. विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे मात्र ज्याचे त्यानेच पाहावे लागते. पुढे त्या वाटेने जाताना तो माणूस भेटला, तर थांबून त्याची विचारपूस करता यावी, इतका स्वच्छ तो व्यवहार असावा.